न्यायाधीशाचा भूतकाळ : झफरुल्ला खान यांच्या निमित्ताने

राजकारणात उभे आयुष्य घालवलेला मनुष्य न्यायासनावर जाऊन बसला, की त्याच्या निकालाकडे वळण्याआधी आपण त्याच्या चरित्राकडे वळतो. तो कोणत्या पक्षाचा होता, कोणाची बाजू मांडत होता, कोणत्या व्यासपीठावरून काय बोलला होता, याची चौकशी आधी होते. निकालपत्र मागाहून वाचले जाते, पुष्कळदा वाचलेही जात नाही. या सवयीला काहीच आधार नाही असे म्हणता येणार नाही. सत्तेच्या सोयीसाठी न्याय वाकवला गेल्याची उदाहरणे जगात सर्वत्र आहेत. तरीही माणसाचा भूतकाळ आणि त्याचा निर्णय यांचे नाते आपण समजतो तितके सरळ असते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. लेखकाचे चरित्र आणि त्याची संहिता यांच्या नात्यावर आपल्याकडे काही कमी शाई खर्च झालेली नाही.

या प्रश्नाचा विचार करायला सर मोहंमद झफरुल्ला खान यांच्या कारकिर्दीइतके सोयीचे, आणि भारतीय वाचकाला तितकेच गैरसोयीचे, दुसरे उदाहरण सापडणे अवघड आहे. पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री आणि पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष. संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय या दोहोंचे अध्यक्षपद लाभलेली ती एकमेव व्यक्ती. त्यांच्या आयुष्यात निदान तीन वेळा असे घडले, की ते काय म्हणतात हे ऐकण्याआधीच, ते कोण आहेत किंवा कोण होते एवढ्यावरून त्यांना बाजूला सारण्याचा प्रयत्न झाला. हे तीन आक्षेप शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर निःपक्षपातीपणा या शब्दाचा अर्थ थोडा स्पष्ट होतो, असे मला वाटते.

झफरुल्ला खान यांचा जन्म १८९३ मध्ये सियालकोटला झाला. लाहोरचे गव्हर्नमेंट कॉलेज, लंडनचे किंग्ज कॉलेज आणि बॅरिस्टरीसाठी लिंकन्स इन, असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम. १९२६ मध्ये ते पंजाबच्या कायदेमंडळावर निवडून आले. गोलमेज परिषदांत त्यांनी भाग घेतला, १९३१ मध्ये ते मुस्लिम लीगचे अध्यक्ष झाले आणि १९३५ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४१ ते १९४७ या काळात ते दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. हे पद सोडल्यावर त्याच वर्षी त्यांनी पंजाबच्या सीमा आयोगापुढे मुस्लिम लीगची बाजू मांडली आणि वर्ष संपण्यापूर्वी ते नव्या राष्ट्राचे परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे राजकारण आणि न्यायासन यांमधला उंबरठा हेगला जाण्यापूर्वीच त्यांनी दोन्ही दिशांनी ओलांडला होता.

भारतीय वाचकाच्या मनात त्यांचे नाव उरले आहे ते मुख्यतः काश्मीरच्या संदर्भात. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. भारताची बाजू गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडली आणि झफरुल्ला खान यांनी कित्येक तास चाललेल्या भाषणात तिला उत्तर दिले. त्या उत्तराचा परिणाम केवळ मतांवर झाला नाही. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘जम्मू-काश्मीरचा प्रश्न’ म्हणून आलेला विषय त्याच महिन्यात ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ या नावाने नोंदवला गेला. शीर्षक बदलले की वाचनाची दिशा बदलते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागू नये. एका घटनेविषयीची तक्रार दोन राष्ट्रांच्या सर्वसाधारण वैराची कहाणी होऊन बसली. वकील म्हणून हे यश मोठे होते आणि ते भारताच्या विरोधात होते. त्यामुळे त्यांच्याविषयी आपल्याकडे जो रोष राहिला, त्याला कारण आहे.

पहिला आक्षेप मात्र भारतातून आला नाही. तो त्यांच्याच देशातून आला.

झफरुल्ला खान अहमदिया पंथाचे होते. १९५३ च्या आरंभी पाकिस्तानात, विशेषतः पंजाबात, अहमदियांविरुद्ध मोठे आंदोलन पेटले. मागण्या स्पष्ट होत्या : अहमदियांना मुस्लिमेतर घोषित करा आणि झफरुल्ला खान यांना परराष्ट्रमंत्रिपदावरून काढा. मार्चमध्ये लाहोरात लष्करी कायदा पुकारावा लागला. दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांची समिती नेमली गेली आणि १९५४ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. समितीने आपल्यापुढे आलेल्या उलेमांना ‘मुसलमान कोणाला म्हणावे?’ हा साधा प्रश्न विचारला आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, हे अहवालात नोंदवून ठेवले. धर्माच्या नावाने कोणाला बाहेर काढायचे यावर ज्यांचे एकमत होते, त्यांचे आत कोण आहे यावर एकमत नव्हते. व्याख्येच्या राजकारणाचा असा नमुना क्वचितच सापडतो.

या आक्षेपाचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी काय चूक केली, असा तो नव्हताच. काश्मीरवर, पॅलेस्टाइनवर, उत्तर आफ्रिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्यावर ज्यांनी देशाची बाजू जगापुढे मांडली, त्यांची कामगिरी आक्षेपकांना तपासायचीही नव्हती. प्रश्न जन्माने आणि श्रद्धेने ठरलेल्या ओळखीचा होता, आणि ओळख ही अशी गोष्ट आहे की तिच्यावर युक्तिवाद होऊ शकत नाही. सरकार त्या वेळी वाकले नाही. झफरुल्ला खान १९५४ पर्यंत मंत्रिपदावर राहिले. त्या वर्षी बेनेगल नरसिंह राव यांच्या निधनाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांची निवड झाली. एका भारतीय न्यायाधीशाची जागा पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्याने घेतली. आपल्या दृष्टीने याहून संशयास्पद आरंभ कोणता असणार?

आणि लगेच भारताचाच खटला पुढे आला. तोही मराठी माणसाच्या अगदी जवळचा. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली ही पोर्तुगीज अमलाखालची ठाणी स्वयंसेवकांनी मुक्त केली. आझाद गोमंतक दलाचे कार्यकर्ते, महाराष्ट्रातले तरुण आणि गायक-संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत त्या लढ्यात होते. दमणहून या ठाण्यांकडे जायला भारताच्या भूमीतून वाट होती आणि ती भारताने बंद केली. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगचे दार ठोठावले. ‘मार्गाधिकाराचा खटला’ म्हणून तो ओळखला जातो. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला, तेव्हा झफरुल्ला खान न्यायालयाचे उपाध्यक्ष होते.

निकाल संमिश्र होता. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, हे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या बंधनांचा भंग केलेला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. या आकड्यांत राष्ट्रांचे गट शोधू पाहणाऱ्याला त्यांचा हिशेब लावणे सोपे जाणार नाही.

याच खटल्यात भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मोहंमद करीम छागला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीप्रमाणे, ज्या पक्षराष्ट्राचा न्यायाधीश पीठावर नसेल त्याला त्या खटल्यापुरता एक न्यायाधीश नेमता येतो. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून ख्याती मिळवलेले छागला १९५८ ते १९६१ या काळात अमेरिकेत भारताचे राजदूतही होते. पुढे १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर भारताची बाजू त्यांनीच मांडली आणि ते केंद्रात शिक्षण व परराष्ट्र खात्यांचे मंत्री झाले. झफरुल्ला खान राजकारणातून हेगला गेले. छागलांची वाट बरीचशी उलट होती. एका पीठावर ही दोन माणसे बसली होती. त्यांपैकी छागलांचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो योग्यच आहे. प्रश्न एवढाच की छागलांना जो विश्वास आपण सहज देतो तो झफरुल्लांना नाकारताना आपल्या हातात नेमका कोणता मापदंड असतो?

दुसरा आक्षेप समजण्यासाठी आपल्याला आफ्रिकेकडे जावे लागते. आजचा नामिबिया, तेव्हाचा नैर्ऋत्य आफ्रिका, ही एके काळी जर्मन वसाहत होती. पहिल्या महायुद्धानंतर त्या वेळच्या राष्ट्रसंघाने ती ‘क’ वर्गाचे मँडेट म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या हाती सोपवली. तेथील लोकांचे कल्याण साधण्याची जबाबदारी दक्षिण आफ्रिकेवर होती; तिने तेथे वर्णभेदाची व्यवस्था लादली. नोव्हेंबर १९६० मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया या दोन राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दावा दाखल केला. १९६२ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध सात मतांनी आपल्याला अधिकारक्षेत्र आहे असे ठरवले. त्या वेळी विरोधी मत देणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे सर पर्सी स्पेंडर आणि ब्रिटनचे सर जेराल्ड फिट्झमॉरिस होते. दोघांनी मिळून संयुक्त भिन्नमतपत्रिका लिहिली होती. १९६४ मध्ये स्पेंडर न्यायालयाचे अध्यक्ष झाले.

झफरुल्ला खान १९६१ मध्ये न्यायालयातून बाहेर पडून संयुक्त राष्ट्रसंघात पाकिस्तानचे प्रतिनिधी झाले होते, १९६२-६३ मध्ये आमसभेचे अध्यक्ष होते, आणि १९६४ मध्ये न्यायाधीश म्हणून पुन्हा हेगला आले. मधल्या काळात इथिओपिया-लायबेरियाने आपले तदर्थ न्यायाधीश म्हणून एकदा त्यांचे नाव दिले होते. त्या पदावर ते प्रत्यक्षात कधी बसले नाहीत. शेवटी ती जागा नायजेरियाचे सर लुई म्बानेफो यांनी घेतली. मात्र या नामनिर्देशनाच्या आधारावर त्यांनी हा खटला ऐकू नये, असे अध्यक्ष स्पेंडर यांचे मत पडले. झफरुल्ला खान यांनी पुढे जाहीरपणे सांगितले, की आपण स्वतः होऊन बाजूला झालो नव्हतो. अध्यक्षांचे मत आपल्याला मान्य नव्हते. परंतु बहुसंख्य न्यायाधीशांचेही तेच मत असल्याचे अध्यक्षांनी सांगितल्यावर दुसरा मार्ग उरला नाही.

१८ जुलै १९६६ रोजी निकाल लागला. ईजिप्तचे न्यायाधीश बदावी यांचे मधल्या काळात निधन झाले होते, पेरूचे बुस्तामांते आजारी होते, आणि झफरुल्ला पीठावर नव्हते. चौदा न्यायाधीश सात-सात असे विभागले गेले आणि अध्यक्ष स्पेंडर यांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला गेला. वर्णभेद न्याय्य की अन्याय्य, याला न्यायालयाने हातच लावला नाही. दावा करणाऱ्या राष्ट्रांचा या विषयात दाद मागण्याजोगा कायदेशीर हक्क वा हितसंबंध सिद्ध होत नाही, असे म्हणून साडेपाच वर्षांहून अधिक चाललेले प्रकरण संपवण्यात आले. १९६२ ची भिन्नमतपत्रिका जणू १९६६ चे बहुमत झाली. निकालानंतर जेमतेम सव्वा महिन्याने, २६ ऑगस्टला, स्वापो या संघटनेच्या सशस्त्र लढ्याची पहिली चकमक उत्तर नामिबियात झडली. न्यायालयाचे दार बंद झाले की माणसे कोणत्या दाराकडे वळतात, याचे हे उदाहरण.

येथे एक मोह टाळला पाहिजे. ‘झफरुल्ला असते तर निकाल फिरला असता’ असे पुष्कळांनी म्हटले आहे. पण हे वाक्य उच्चारताना आपण काय गृहीत धरतो? त्यांचे मत त्यांच्या पूर्वचरित्रावरून आधीच ठरलेले होते, हे. म्हणजे त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांचे गृहीतकच आपण, उलट्या भावनेने का होईना, मान्य करून बसतो. आक्षेप घ्यायचा तर तो वेगळ्या जागी घेतला पाहिजे. ते असते तर पीठ पंधरांचे झाले असते आणि निर्णायक मताची वेळच आली नसती, एवढे निश्चित म्हणता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, संविधीत अशा प्रसंगासाठी लेखी तरतूद आहे. ज्या प्रकरणात न्यायाधीशाने पूर्वी वकील, प्रतिनिधी किंवा निर्णयकर्ता म्हणून भाग घेतला असेल, त्यात त्याने बसू नये. आणि अध्यक्ष व न्यायाधीश यांच्यात मतभेद झाला तर न्यायालयाने निर्णय द्यावा. नुसते नाव सुचवले जाणे म्हणजे भाग घेणे होय काय, हा प्रश्न खुल्या, सकारण आदेशाने सुटण्यासारखा होता. तो बंद दाराआड मिटला.

आणि ज्यांनी तो मिटवला, त्यांचा भूतकाळ? सर पर्सी स्पेंडर स्वतः मुरलेले राजकारणी होते. १९४९ ते १९५१ या काळात ते ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री होते आणि बाह्य प्रदेशांचे खातेही त्यांच्याकडेच होते. त्यानंतर १९५८ पर्यंत ते अमेरिकेत राजदूत होते, आणि तेथून थेट हेगला आले. बाह्य प्रदेशांच्या त्या खात्यात न्यू गिनी येत असे. न्यू गिनी ही देखील पूर्वीची जर्मन वसाहत, पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला मिळालेले ‘क’ वर्गाचेच मँडेट, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचा विश्वस्त प्रदेश. म्हणजे नैर्ऋत्य आफ्रिकेच्या सख्ख्या भावंडाचा कारभार ज्यांनी मंत्री म्हणून पाहिला, ते अध्यक्षस्थानी होते; आणि एका नामनिर्देशनाचा धनी झालेला न्यायाधीश बाहेर होता. स्पेंडर यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे मला कारण नाही. त्यांचा कायदेशीर दृष्टिकोन १९६२ पासून सुसंगत होता आणि तो त्यांनी लिहून ठेवला होता. मुद्दा असा, की एकाच्या भूतकाळाला ‘अनुभव’ म्हटले गेले आणि दुसऱ्याच्या भूतकाळाला ‘हितसंबंध’. हा शब्दांचा फरक वाचायला शिकणे हे आपल्या विषयाचे काम आहे.

त्या पीठाकडे नीट पाहिले तर राजकारणाचा स्पर्श न झालेली माणसे शोधावी लागतात. चीनचे वेलिंग्टन कू मंत्री आणि मुत्सद्दी म्हणून जगभर परिचित होते. जपानचे कोतारो तानाका शिक्षणमंत्री होऊन गेले होते. त्यांची १९६६ ची भिन्नमतपत्रिका समतेच्या तत्त्वावरील विवेचनासाठी आजही वाचली जाते. मेक्सिकोचे पादिया नेर्वो माजी परराष्ट्रमंत्री होते. आजारी असलेले बुस्तामांते तर पेरूचे राष्ट्राध्यक्ष होते आणि १९४८ च्या लष्करी उठावात पदच्युत झाले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालय अशाच माणसांचे बनलेले असते, कारण आंतरराष्ट्रीय कायद्याचा कच्चा माल राष्ट्रांच्या व्यवहारातूनच येतो. कोऱ्या पाटीची माणसे तेथे मिळणार नाहीत. मिळाली तरी त्यांना त्या व्यवहाराची भाषा समजेल याची खात्री नाही.

तिसरा आक्षेप १९७१ चा. आमसभेने ऑक्टोबर १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे मँडेट संपुष्टात आणले होते, तरी तिने ताबा सोडला नव्हता. सुरक्षा परिषदेने या ताब्याच्या कायदेशीर परिणामांविषयी न्यायालयाचे सल्लात्मक मत मागवले. आता अध्यक्ष झफरुल्ला खान होते. दक्षिण आफ्रिकेने त्यांच्यासह तीन न्यायाधीशांवर आक्षेप घेतला : आपापल्या देशांचे प्रतिनिधी असताना संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी या प्रश्नावर आधीच मते मांडली आहेत, सबब त्यांनी बसू नये. आक्षेप क्षुल्लक नव्हता. ती विधाने खरोखर झाली होती. परंतु या वेळी न्यायालयाने लेखी आदेश काढले. सरकारचा प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामात भाग घेणे हे त्या खटल्यात वकील वा निर्णयकर्ता असण्यासारखे नाही, अशी भूमिका घेऊन तिन्ही आक्षेप फेटाळले गेले. झफरुल्ला खान आणि पादिया नेर्वो यांच्याबाबत निर्णय एकमताने झाला. सोव्हिएत न्यायाधीश मोरोझोव्ह यांच्याबाबत दहा विरुद्ध चार मतांनी. २१ जून १९७१ रोजी न्यायालयाने तेरा विरुद्ध दोन मतांनी सांगितले, की नामिबियातील दक्षिण आफ्रिकेचे अस्तित्व बेकायदा आहे आणि तिने तेथून निघून जावे. ती प्रत्यक्षात निघून जाऊन नामिबिया स्वतंत्र व्हायला २१ मार्च १९९० उजाडावे लागले. परंतु ताब्याला कायद्याचे कवच उरले नव्हते.

१९६६ आणि १९७१ या दोन प्रसंगांतील फरक कोणाच्या बाजूने निकाल लागला यात मी शोधत नाही. पहिल्या वेळी एका न्यायाधीशाचे वगळले जाणे खासगी समजुतीने घडले. दुसऱ्या वेळी त्याचे असणे कारणांसह नोंदवले गेले. ज्याला कारणे दिली जातात त्याला ती खोडून काढता येतात. दक्षिण आफ्रिकेला १९७१ चे आदेश वाचता येत होते आणि त्यांवर टीका करता येत होती. १९६६ मध्ये झफरुल्ला खान यांना मात्र एक आदेशही मिळाला नाही, ज्याच्या विरुद्ध ते एखादे वाक्य लिहू शकले असते.

लिखित नियम माणसाच्या भूतकाळाला कसा हाताळतो, याचा आणखी एक दाखला भारताच्याच संदर्भातला आहे. जानेवारी १९७१ मध्ये भारतीय विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला नेले गेले आणि तेथे जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून उडण्यास बंदी केली. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे गेला आणि तिच्या परिषदेच्या अधिकाराविरुद्ध भारताने हेगला अपील केले. ऑगस्ट १९७२ मध्ये निकाल झाला. न्यायालयाचे अध्यक्ष पाकिस्तानचे होते आणि पाकिस्तान पक्षकार होता. नियमानुसार त्या खटल्यापुरते अध्यक्षस्थान उपाध्यक्ष अम्मून यांच्याकडे गेले. झफरुल्ला खान न्यायाधीश म्हणून पीठावर राहिले, आणि भारताच्या वतीने नगेंद्र सिंह तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले. विमान वाहतूक परिषदेला अधिकार आहे हे चौदा विरुद्ध दोन मतांनी ठरले, म्हणजे भारताचे म्हणणे फेटाळले गेले. ते फेटाळणाऱ्या चौदांत अनेक खंडांतले न्यायाधीश होते. झफरुल्ला खान यांच्या पाकिस्तानी असण्याने तो निकाल समजावून सांगण्याची सोय तेथे नाही. समजून घ्यायचा तर निकालपत्रच वाचावे लागते.

माझ्या या म्हणण्यावर एक रास्त हरकत घेतली जाईल. न्याय झाला पाहिजे आणि झालेला दिसलाही पाहिजे. मग ज्याने एखाद्या प्रश्नावर आधी जाहीर मत दिले आहे तो न्यायासनावर बसल्याने लोकांचा विश्वास ढळत नाही काय? ढळू शकतो. म्हणूनच रेषा आखावी लागते, आणि ती प्रकरणाभोवती आखावी लागते. ‘या खटल्यात तू कोणाचा वकील होतास काय?’ हा प्रश्न प्रत्येकाला सारखाच लागू होतो. ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न मात्र ज्याच्या हाती सत्ता असते तो आपल्या सोयीने विचारतो. स्वतःला तो कधीच विचारत नाही. १९५३ च्या लाहोरमध्ये तो श्रद्धेच्या नावाने विचारला गेला. हेगमध्ये त्याची भाषा सभ्य होती, इतकेच. दोन्ही प्रसंग एका मापाचे आहेत असे मी म्हणत नाही. पहिल्यात रक्त सांडले होते. पण दोन्हीकडे माणूस आधी ठरवला गेला आणि त्याचे म्हणणे ऐकण्याची गरज त्यामुळे संपली.

झफरुल्ला खान १९७३ मध्ये न्यायालयातून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी पाकिस्तानने राज्यघटनेत दुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवले. एकवीस वर्षांपूर्वी रस्त्यावर केलेली मागणी घटनेच्या कलमात जाऊन बसली. मुस्लिम लीगचा हा माजी अध्यक्ष, पाकिस्तानचा पहिला परराष्ट्रमंत्री, आपल्याच देशाच्या घटनेत त्याला हव्या असलेल्या नावाने उरला नाही. १९८५ मध्ये लाहोरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या उर्दू आत्मचरित्राचे नाव ‘तहदीस-ए-नेमत’ असे आहे. परमेश्वराने दिलेल्या कृपेचे कथन, असा त्याचा आशय. ज्याला इतक्या ठिकाणांहून वगळले गेले त्याने आपल्या आयुष्याच्या कथेला तक्रारीचे नाव दिले नाही, हे आत्मचरित्राच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावे.

आता आपल्या अंगणाकडे. मराठीच्या वर्गात कविता वा कादंबरी उघडण्याआधी कवीची बाजू विचारण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. सावरकरांचे ‘कमला’ हे काव्य किती विद्यार्थी काव्य म्हणून वाचतात? अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’कडे किती वर्षे त्यांच्या पक्षाच्या चष्म्यातून पाहिले गेले, किंवा त्यामुळेच पाहिलेही गेले नाही? एकाच्या चाहत्यांनी दुसऱ्याला न वाचताच निकाली काढले आणि उलटही तसेच झाले. परिसंवादातून, परीक्षणांतून, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकांतून ‘तो अमक्यांचा आहे’ एवढे एक वाक्य पुरते. त्यावर कोणी आदेश लिहीत नाही, कारणे नोंदवत नाही. एखादे नाव पीठाच्या यादीत नसते, एवढेच मागाहून कोणाला तरी दिसते.

लेखकाचे चरित्र विसरून वाचा, असे मी सुचवत नाही. संहिता निर्वात पोकळीत जन्मत नाही, आणि झफरुल्ला खान यांची मते समजून घेताना सियालकोट, काश्मीर आणि १९५३ चे लाहोर ठाऊक असणे उपयोगाचेच ठरते. मात्र चरित्र हे वाचनाचे साधन असावे. वाचन टाळण्याचा परवाना होऊ नये. एखाद्या लेखकाला अभ्यासक्रमातून, संपादनातून किंवा चर्चेतून वगळायचे असेल तर खुशाल वगळावे, पण कारण लिहून वगळावे. ते कारण दुसऱ्याला वाचता यावे, खोडता यावे, आणि आपल्या आवडत्या लेखकालाही तेवढ्याच निष्ठुरपणे लावता यावे. या कसोटीला जे उतरणार नाही, त्याला समीक्षा म्हणता येणार नाही.

काश्मीरवरचे झफरुल्ला खान यांचे म्हणणे मला पटत नाही. सुरक्षा परिषदेतील त्यांचे भाषण आणि नामिबियाविषयीचे न्यायालयाचे मत, ही दोन्ही मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी वाचावीत असे मला वाटते. पहिल्यात एका बाजूचा निष्णात वकील बोलतो. दुसऱ्यात तोच माणूस एका न्यायालयाचा अध्यक्ष म्हणून तेरांपैकी एक असतो. दोन संहितांतला हा फरक वाचूनच कळतो. नाव ऐकून तो कळत नाही.